पत्र्याआधी
भूकंपानंतर आमच्या गावाला पत्र्याची शेडं मिळाली. जिलानी तेव्हा नऊ वर्षांचा. त्याचा फुटबॉल पत्र्यावर आदळला, की पुन्हा जमीन हादरली असं समजून लोक बाहेर पळायचे. शिवम्माकाकू तर नातवाला काखोटीला मारून! म्हणून पोरगं चेंडू पत्र्याला लागायच्या आत पायावर झेलायला शिकलं, बिनआवाज. त्याच जोरावर तो पंधरा वर्षं गोव्यापासून कोलकात्यापर्यंत सात क्लबांकडून फॉरवर्ड खेळला. मोठं नाव कुठंच झालं नाही, पण हवेतला चेंडू त्याच्याइतका अलगद कुणी उतरवला नाही. परवा तो कायमचा परतला. जुनं शेड उभंच होतं. त्यानं चेंडू उडवला आणि सवयीनं पत्र्याआधीच झेलला. म्हाताऱ्या शिवम्माकाकू ओरडल्या, "समदी पोरं लातूरला क्लासला गेलीत, गाव मुकं झालंय. मार की रे पत्र्यावर!" पत्रा दणाणला. आम्ही सगळे बाहेर पळालो, टाळ्या वाजवत.