गुरुवारचे पेढे

डेटा मायनिंगवाल्यांची संस्था आज डोंबिवलीत स्थापन होत होती. अध्यक्षपदासाठी सलिल सरांचं नाव सुचवून झालं होतं. अनुमोदन देणार होती त्यांची लाडकी विद्यार्थिनी उर्वी. त्याआधी सरांनी हौसेनं पडद्यावर आपल्या कामाचा नमुना दाखवला. घरपोच किराणा आणि औषधं पुरवणाऱ्या ॲपवरची एका बाईंची खरेदी. पत्ता ठाण्यातलं बाळकुम, वय एकाहत्तर, एकट्या राहतात. "मधुमेहाच्या गोळ्या घेतात, आणि दर गुरुवारी पावशेर पेढे!" हॉलमध्ये हशा पिकला. उर्वी हसली नाही. ते पेढे दत्ताच्या नैवेद्याचे, तिला ठाऊक होतं. खालची ओळ मात्र ठाऊक नव्हती: चार महिन्यांपासून नैराश्यावरची औषधं. रोज फोनवर 'मजेत आहे गं' म्हणणारी आई! "घाबरू नका, नावं पुसलीत," सर म्हणाले. "हं, उर्वी, अनुमोदन?" ती उठली. "सर, नाव पुसलंत, पण माझी आई तशीच दिसतेय."