चौथं आमिष

बाबा गणिताचे मास्तर, आणि मी त्यांच्याच वर्गातून शाळा सोडलेली त्यांची मुलगी. परत वर्गात बसू द्या म्हणून आठवडाभर मागे लागलेय, पण ते हो-नाही काहीच बोलत नाहीत. रविवारी मला तळ्यावर घेऊन आले, खोट्या आमिषांचा डबा धरायला.

बास मासा काही केल्या गळाला लागेना. बाबांनी चकचकीत पत्र्याचा मासा लावून पाहिला, मग रबरी गांडूळ, मग तरंगणारा बेडूक. कधी झटके देत ओढलं, कधी तळाशी नुसतं सरपटू दिलं. शेजारी बसलेले डॉक्टरकाका वैतागले. "अहो मास्तर, इथल्या माशांना अक्कलच नाही. चला घरी."

"माशाला कशाला नावं ठेवता?" बाबा म्हणाले. "पाणी गढूळ आहे, त्याला दिसत नसेल. आपणच त्याच्या कलानं घ्यायचं. हे नाही तर ते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मग हिला कधी घेताय परत वर्गात?"

बाबांनी डब्यातून चौथं आमिष उचललं आणि हलक्या हातानं दोरीला बांधायला घेतलं.

 

"हिला? एकच गणित दोन-दोनदा समजवायला मला कुठे वेळ आहे?"