हिरव्या साडीचं आतलं टोक

"आत्या, हळद नका लावू! डाग पडेल!"

वैजयंती ओरडली आणि लगेच जीभ चावली. सासूचा हळदीनं माखलेला अंगठा हवेतच थांबला. सोलापुरातल्या त्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत बायका जमल्या होत्या. पाट मांडला होता, फुलांचे दागिने तयार होते. आणि इथं आत, सातवा महिना लागलेली सून डोहाळजेवणाच्या साडीला हळद लावू नका म्हणत होती! मंद्रूपहून सकाळच्या एसटीनं आलेल्या गोजाबाईंनी असलं काही उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. नवं लुगडं नेसायच्या आधी त्याच्या टोकाला हळदकुंकवाचं बोट लागतंच. न लावता नेसणार कोण?

"डाग? हळदीचा डाग अस्तो व्हय गं?"

आता आली का पंचाईत! वैजयंतीनं एखादी थाप सुचते का बघितलं. सुचली नाही.

"ही साडी आपली नाही, आत्या. भाड्याची आहे. परत पाठवायचीय."

एकदा तोंड उघडल्यावर मग सगळंच बाहेर पडलं. मोबाइलवर नाव नोंदवलं की कंपनीकडून दर महिन्याला खोकं येतं. सैल कुडते येतात, गाऊन येतात, समारंभ असला तर साडी येते. महिनाभर घालायचं, परत पाठवायचं, की पुढच्या मापाचं खोकं हजर. पोट एका मापावर थांबतंय थोडंच! ऑफिसात तिनं हेच सांगितलं होतं, नवऱ्यालाही हेच. अजिनाथला पटलंही होतं.

खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा तिनं हौसेनं हिरवीगार साडी विकत आणली होती. ती नेसायची वेळच आली नाही. दुसऱ्या खेपेलाही आली नाही. घडी तशीच कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरींखाली पडून होती. त्यानंतर बाळाच्या नावानं चिंधीसुद्धा विकत आणायचं तिचं धाडस झालं नव्हतं. काही परत जायचंच असेल तर साडी जाऊ दे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"मंजी, ही दुसऱ्या बायांनी नेसल्याली?" गोजाबाईंचा आवाज खाली आला.

"हो."

वैजयंतीला वाटलं, संपलं. आता ही बाई सगळ्यांना घरी धाडणार. दोनदा पोळलेली सासू परक्या बायकांच्या अंगावरचं कापड सुनेच्या पोटाला कशाला लागू देईल?

साडीचं आतलं टोक, कमरेला खोचून झाकलं जातं ते, गोजाबाईंनी खिडकीपाशी नेलं आणि डोळ्यांजवळ धरलं. मग त्या पलंगावर बसल्या.

"वैजे, हिकडं ये. हे बघ."

टोकावर डाग होते. पिवळट, तांबूस, धुऊन धुऊन फिकटलेले, एकावर एक चढलेले. बोटांचे ठसे होते ते. कुणाचा जाडजूड अंगठा, कुणाचं बारीक बोट. कंपनीच्या धुलाईला ते निघाले नव्हते. खोकं आल्यापासून वैजयंतीनं नुसता पदरच न्याहाळला होता, हे टोक तिनं उलगडूनही बघितलं नव्हतं.

कुठकुठल्या बायका या! कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची शेजारीण. सगळ्यांना डाग पाडू नका म्हणून बजावलेलंच असणार. आणि सगळ्यांनी कुणाला दिसणार नाही अशा जागी गुपचूप बोट टेकवलं होतं. या टोकाशी किती पोटं सुखरूप असावीत म्हणून हात जोडले गेले असतील! तिनं त्या ठशांवर बोटं ठेवली.

"अजिनाथच्या आदी माजी बी दोन गेली," गोजाबाई म्हणाल्या. "त्यो झाला तवा माज्या सासूनं त्याच्या अंगाला नवं कापड लावू दिलं न्हाय. पाच घरं हिंडली. ज्यांची लेकरं अंगणात खेळत हुती त्यांची जुनी झबली मागून आनली. त्या मागून आनल्याल्या झबल्यांवर जगलं बघ माजं पोरगं." त्यांनी साडीवरनं सावकाश हात फिरवला. "आन् तू पाच घरं कुटली, गावंच्या गावं मागून आनलीस की गं!"

"ओ वैजूताई, आटपा की!" बाहेरून शेजारच्या काशम्माची हाक आली. "बायका खोळंबल्यात!"

गोजाबाईंनी अंगठा पुन्हा हळदीत बुडवला.

"कंपनी बोलेल, आत्या."

"बोलू दे की. ह्या समद्यांनी ऐकून घेतलं, आपन बी घिऊ."

त्या जुन्या ठशांच्या गर्दीत एक ओला पिवळाजर्द ठसा उमटला. सासूनं स्वतःच्या हातानं सुनेला साडी नेसवायला घेतली. पोटाखालून निऱ्या बसवता बसवता त्या हळूच म्हणाल्या, "परत धाडशील तवा खोक्यात कपाटातली ती हिरवी घडी बी घाल. चादरीखालची. तिला बी जाऊ दे बायांत."

वैजयंतीनं निऱ्यांवरचा त्यांचा हात धरला. "तुम्हाला... तुम्हाला कसं ठाऊक?"

गोजाबाईंनी मान वर केली नाही. शेवटची निरी त्यांनी नीट खोचली.

"टोक बघ तिचं. हळद मी तवाच लावून ठिवलीया."