चालकाची जागा

करकचून ब्रेक लागला आणि बसमधली उभी माणसं एकमेकांवर आदळली. पुढच्या काचेसमोर, हातभर अंतरावर, एक चिमुरडी तीनचाकी सायकलसकट उभी होती. तिला काही झालं नव्हतं. ती मान वर करून बसकडे बघत होती आणि वरून चालक तिच्याकडे बघत होता. त्याचा पाय ब्रेकवर गच्च दाबलेला होता.

बस आपली आपण चालणारी होती. पण चालकाची रिकामी जागा बघून सुरुवातीला कुणी चढेचना. मग कंपनीने जुन्या बसवरच्या या चालकाला इस्त्रीचा गणवेश चढवून तिथे बसवलं. हात चाकावर, पाय ब्रेकजवळ, नजर समोर. झालं काम. पहिल्या दिवशी बायकोने विचारलं, "काय केलंत दिवसभर?" "बसलो," तो म्हणाला. पुढे तिने विचारायचं सोडलं आणि त्यालाही काही वाटेनासं झालं. वळण यायचं, जायचं. त्याचे खांदे हलत नसत.

लोकांचंही तेच. रोजचे प्रवासी आधी जीव मुठीत धरून बसायचे, मग मोबाइल बघू लागले, मग चक्क घोरू लागले. सवय लागली की माणूस खिळ्यांवरही झोपतो! स्वतःची गाडी बिघडली म्हणून कधीमधी चढणारा एखादाच दांडी घट्ट धरून चालकावर डोळे रोखून असे.

चालक ठेवायचा की काढायचा, ते आज ठरणार होतं. कंपनीच्या बाई प्रत्येकाला विचारत फिरत होत्या. शिलाईकाम करणाऱ्या मावशी जुन्या बसपासूनच्या त्याच्या प्रवासी. त्या म्हणाल्या, "कशाला हवाय? बिचारा नुसता शोभेला बसलाय!" मागे हशा पिकला. त्याने ऐकलं. राग यायला हवा होता, आला नाही. या वयात आता आपल्याला दारात कोण उभं करणार, एवढंच त्याच्या मनात आलं, तेही दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं.

तेवढ्यात ती सायकल आडवी आली होती.

पहिली टाळी मावशींनीच वाजवली. "माणूस तो माणूस हो! यंत्राच्या भरवशावर असतो तर पोर गेली असती!" मत फिरायला कितीसा वेळ लागतो? मघाशी नको म्हणणारे आता बाईंना घेरून म्हणू लागले, आमचं उत्तर बदला, चालक हवाच.

चिमुरडीची आई धावत आली. लेकीला कडेवर घेऊन तिने खिडकीतून त्याचा हात धरला. "दादा, तुमचा पाय वेळेवर पडला म्हणून हिचा जीव वाचला."

"ताई, माझा पाय..."

"चला, चला, मागे गाड्या खोळंबल्यात," कंपनीच्या बाई मध्येच म्हणाल्या. मायलेकी बाजूला झाल्या आणि बस निघाली.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. जो तो त्याच्या खांद्यावर थाप मारून गेला. कित्येक महिन्यांनी त्याला भीती वाटली होती आणि ती काही केल्या जात नव्हती. रिकाम्या बसमधून बाई पुढे आल्या.

"अभिनंदन! आता तुम्हाला कुणी हलवत नाही. लोकांना तुम्हीच हवे आहात."

त्याने ब्रेक पुन्हा एकदा दाबून सोडला.

"अहो, नोकरी पक्की झाली तुमची. आता आणखी काय हवं?"

"काही नको बाई," तो म्हणाला. "हा ब्रेक तेवढा खालून कशाला तरी जोडून द्या."