वाटेत थांबायचं असतं

बायको लिगाया गेल्याचा फोन सौदीतल्या दम्मामहून आला, त्या दिवशी सेवेरोने दुकान बंद केलं नव्हतं. गेम खेळायला बसलेल्या पोरांनी कॉम्प्युटरमध्ये आधीच नाणी टाकली होती. वेळ संपेपर्यंत त्यांना कसं उठवायचं, असं त्याला वाटलं. मग कुणीतरी आणखी नाणी टाकली.

त्याला दोन महिने होऊन गेले. आज भरदुपारी शेजारची मारिकार दुकानात आली. ती कॉलेजात कॉम्प्युटर गेम बनवायला शिकत होती. तिने बनवलेला भुताचा गेम फुकट होता, पटकन संपायचा, आणि सध्या गल्लीत सगळे तोच खेळत होते. ती एकेकाच्या मागे उभी राहून विचारत होती, "कसा वाटला? भीती वाटली का?"

"भीती कसली?" रुफिनो म्हणाला. हा लिगायाचा धाकटा भाऊ. रिक्षा दारात लावून, डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता खेळत बसला होता. "मयताहून निघायचं, वाटेत लोमीच्या दुकानात थांबायचं, चार घास खायचे. मेलेली बाई तिथेच राहते, आपण घरी. संपलं."

"आणि नाही थांबलं तर?"

"न थांबायला वेड लागलंय का? थेट घरी गेलं की मेलेलं माणूस मागून येतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"भूत मात्र आमच्या सासूबाईंसारखं झालंय," कोपऱ्यातला फोन दुरुस्तीवाला म्हणाला. "कवळी काढल्यावर दिसतात तसं."

सगळे हसले. मारिकार सेवेरोकडे वळली. "काका, तुम्ही खेळा ना. तुमच्या वयाचं कुणी खेळलंच नाही अजून."

सेवेरोने मांडीवरच्या डब्यातलं एक नाणं काढून मशीनमध्ये टाकलं. मशीनला मालक कळत नाही.

पडद्यावर चॅपेल आलं. शवपेटी, मेणबत्त्या, मग बाहेरचा रस्ता. स्वतःचं शरीर दिसत नव्हतं, नुसता पुढचा रस्ता दिसत होता, आपणच चालत असल्यासारखा. वळणावर लोमीचं दुकान होतं. मोठ्या पातेल्यात नूडल्सचं दाट सूप, वाफ, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या.

"हां, इथे थांबा दाजी," रुफिनो म्हणाला. "ताईच्या वेळी थांबलो होतो ना? पुरून आलो आणि तुम्ही दोन वाडगे खाल्लेत. वर आणखी लिंबू मागितलंत."

तो वाईट मनाने बोलला नव्हता. त्या दिवशी सेवेरोला खरंच भूक लागली होती. लोमी चांगलं झालं होतं.

"मारिकार, इथे सोडली की ती पुढे कुठे जाते?"

"कुठेच नाही, काका. पुढचं मी काही केलेलंच नाही. त्या खुर्चीवर बसून राहते."

"कुठपर्यंत?"

"गेम बंद करेपर्यंत."

सेवेरोने दुकानातल्या कॉम्प्युटरांकडे पाहिलं. सगळे लिगायाच्या पैशांचे. त्यासाठी ती सहा वर्षं सुट्टी न घेता तिकडे राबली. दर वेळी फोनवर म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की येते. आली तेव्हा घराच्या या पुढच्या खोलीत शवपेटी ठेवायला जागा नव्हती. कॉम्प्युटर हलवता आले असते. पेटी परस्पर चॅपेलमध्ये गेली आणि तिथून दफनभूमीत.

त्याने बटण दाबलं आणि लोमीच्या दुकानावरून तो पुढे निघाला.

"अहो दाजी, कुठे चाललात? मागून येईल ती."

"येऊ दे."

बाकीचे आपापला खेळ सोडून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर चपलांचा आवाज येऊ लागला. सावकाश, दमलेल्या माणसाचा. सेवेरोने वळून पाहिलं नाही. घर आलं. तो आत गेला आणि मागे दार लागलं.

मग दारावर टकटक झाली.

"मी आलेय," बाईचा आवाज आला. मारिकारनेच आवाज बदलून काढला होता, ते कळत होतं. "दार उघड."

दुकानात कुणी हसलं नाही.

"इथपर्यंत कुणी आलंच नव्हतं," मारिकार हळूच म्हणाली. "काका, आता हे बटण दाबा. दार उघडेल."

"उघडल्यावर काय होतं?"

"ते आधीच सांगितलं तर काय राहिलं?"

सेवेरोने बटणावर बोट ठेवलं. पुन्हा टकटक झाली. बोट आपोआप मागे आलं. त्याने ते परत ठेवलं. त्याची मान घामाने भिजली होती, आणि ती मागच्या सगळ्यांना दिसत होती.

"दाजी टरकले," रुफिनो हसत म्हणाला. मग वाकून त्याने सेवेरोचा चेहरा पाहिला, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"दार उघड," आवाज म्हणाला. "मी आहे."

पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे कमी होत गेले. टकटक चालूच होती. मग वेळ संपली, आवाज मधेच तुटला आणि काळ्या पडद्यावर 'नाणं टाका' अशी अक्षरं आली.

डबा सेवेरोच्या मांडीवरच होता, नाण्यांनी भरलेला. त्याने त्याला झाकण लावलं.

दार उघडायचं राहिलं.