चौथी बहीण

स्वतःला सुलतान कानबर्दीची थोरली बहीण म्हणवत आजवर तीन बायका कॉकेशसच्या चेर्केस डोंगरांतून कैरोच्या किल्ल्यात आल्या होत्या. तिघींना त्याच्या गावाचं नाव ठाऊक होतं, दोघींना त्याच्या खांद्यावरचा डाग. तिघीही खोट्या निघाल्या.

चौथी, गोशफिज, सिंहासनासमोर ताठ उभी राहिली.

"जमिनीला ओठ टेकव, म्हातारे!" कारभारी ओरडला.

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. "काय रे," ती आम्हा चेर्केसांच्या बोलीत सुलतानावरच खेकसली, "थोरलं माणूस दारात आलं, आणि तू खुशाल बसून? आईने हेच शिकवलं का?"

सुलतान ताडकन उठला. आपण उठलोय हे त्याला नंतर कळलं. सातव्या वर्षी तो गुलाम म्हणून विकला गेला, त्यानंतर हा आवाज त्याने आत्ताच ऐकला होता.

"चुकलो, ताई," तो कसाबसा म्हणाला. "मला रागवणारं कुणीतरी उरलंय. देवाचे उपकार!"

गोशफिज मटकन खाली बसली आणि देवाचे आभार मानत रडू लागली. आम्हा चेर्केसांत थोरल्याने "बस" म्हटल्याशिवाय धाकटा बसत नाही. ती ते म्हणायचं विसरली.

वाळूचं घड्याळ दोनदा उलटलं. सुलतान आणि त्याच्यामुळे दरबारातले एकतीस अमीर सरदार उभेच होते.