लपवलेलं नाव

वायफायच्या ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग’मध्ये नेटवर्कचं नाव लपवायची सोय सापडली. मी लपवलं. आता ज्याला वायफाय हवं, त्याने नाव स्वतः टाकायचं.

नाव माझंच ठेवलंय. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण बायकोने ते उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. आज घेईल का, एवढीच उत्सुकता.

“अहो, माझ्या फोनवर वायफाय दिसेना. आत्ता नातीचा व्हिडिओ कॉल येईल!”

मी फोन हातात घेतला. “नाव सांग, टाकतो.”

“कुणाचं?”

“माझंच.”

तिने रोखून पाहिलं.

“खिडकीत नाही, दारात नाही, कुठेच मिळेना रेंज,
भालचंद्ररावांना म्हातारपणी सुचतो भलताच चेंज!”

पुन्हा उखाणाच! मी ऐकलं तसं टाकलं. वायफाय जोडलं जाईना.

“नेटवर्कच्या नावात ‘राव’ नाही,” मी म्हणालो.

“भालचंद्र,” ती म्हणाली, “दे तो फोन इकडे!”

मी निमूटपणे दिला.